ओळख

या डब्यावर गायीचं चित्र नाही.
निळं झाकण, आत मापाचा चमचा
आणि वास, उकडून विसरलेल्या बटाट्याचा.
नागपूरहून एसटीनं येतो, कंडक्टरच्या सीटखाली.
कारंज्याच्या स्टँडवर हे उभे राहतात त्याच्यासाठी,
दुधाचे रिकामे कॅन मोटारसायकलला लटकवून.

घरी अकरा गवळाऊ गायी.
चुलीवर गंजात दूध चढलं की
मी दुर्वाला घेऊन मागच्या खोलीत जाते,
दाराच्या फटीला ओली चादर लावते.

माझं दूध टायफॉइडात आटलं.
वरच्या दुधाच्या पहिल्या वाटीलाच
तिचे डोळे सुजून मिटले, अंगभर गांधी.
शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या, "नजर लागली वं."
मीठ-मोहऱ्या तडतडल्या.
लंगोटातला रक्ताचा धागा तसाच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर माळ काढली,
मग पेनानं तोडली, मणी मणी.
"या पावडरीत दूध असं तुटलेलं आहे.
इतकं बारीक, की तिच्या अंगाला कळणार नाही."

बारा दिवस कळलं नाही.
तेराव्या दिवशी कानामागं पुन्हा लाल.
हे ओसरीवर डबा फिरवत बसले,
किमतीवर अंगठा ठेवून,
आणि हसले, किती दिवसांनी,
"मणी मणी केला तरी ओळखलंच न तिनं.
गवळ्याची हाय शेवटी."
मला तेव्हा हसू आलं नाही.
रात्री भांडी घासताना आलं.

मग हा डबा. याच्यात माळच नाही, सुटे मणी फक्त.
पहिले चार दिवस तिनं थुंकून टाकला,
पाचव्या दिवशी बाटली स्वतः धरली.

एकदा चहा पिऊन हे विसरले, तिचा मुका घेतला.
गालावर ओठांचा ठसा उठला, तासभर गेला नाही.
तेव्हापासून कोरा चहा.
टपरीवर पोरं म्हणतात, "काय बाप्पा, गवळी अन् कोरा?"
हे फुंकर मारत राहतात.

काल हरणी व्याली.
चिक घरोघर गेला, आमच्याही शिंक्यात एक वाटी.
दुर्वाला कडेवर घेऊन मी गोठ्याच्या दारात उभी.
वासरू ढुशा देत होतं, तोंडाला फेस,
शेपटी नुसती थरथर.
तिनं हात पुढं केला, पाची बोटं उघडून.
मी एक पाऊल मागं सरले.
एकच.
तिथून सगळं दिसत होतं.