वरची, खालची

बॅगेत तीन कवळ्या घेऊन
वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसमागे थांबलो.
काल मेट्रोच्या कामावर अंथरलेल्या लोखंडी प्लेटवर
मागचं चाक माशासारखं सुळकन् फिरलं.
मी पडलो नाही.
पडलो नाही, एवढंच.

रुकय्या मुकादमने टायरवरून अंगठा फिरवला.
"टक्कल पडलंय. इथे तर कापड दिसतंय."
खिशात चौदाशे. मी हिशेब मांडला :
पुढचा अजून बरा आहे, तो मागे टाक,
मागचा पुढे लाव,
महिना निघेल.

तिने पाना खाली ठेवला.
"बॅगेत काय?"
"दात. लॅबमधून दवाखान्यात पोचवतो."
"वरचे की खालचे?"
"एक वरची, दोन खालच्या."
"मग वरची बसव की खालच्या जबड्यात.
महिना निघेल."

ट्रकचे क्लीनर हसले.
मीही हसलो, जरा उशिरा.

"हे बघ," ती म्हणाली, आणि माझा हात धरून
पुढच्या टायरवर ठेवला.
लांब लांब रेघा. पाणी चिरायला, वळण धरायला.
मग भिंतीवरच्या नव्यावर : चौकोनी दाढा,
मागून रेटायला.
"ब्रेक दाबलास की सगळा भार पुढे येतो.
तिथेच तुझा हा गुळगुळीत लावू?
मग उद्या तुझीच कवळी तुला पोचवायची कुणी?"

पुढे दोन पंचाहत्तर अठरा, मागे तीन शून्य अठरा.
मला जाडजूड हवा होता, पोरांच्या गाड्यांना असतो तसा.
"चेनला घासेल," एवढंच म्हणाली.
माळ्यावरून एक काढला, टॉर्च मारून
कडेचे चार आकडे वाचले :
तेवीस, एकोणीस.
एकोणीस सालचा तेविसावा आठवडा.
म्हणजे नवाकोरा, आणि म्हातारा.
कटरने तिने त्याची कूस फाडली,
स्वतःच्याच मालाची,
उद्या कुणी उचलून बसवू नये म्हणून.
त्या कापापाशी जरा थांबली.
नवऱ्याने भरलेला माल असावा.
विचारलं नाही.

दुसरा निघाला, यंदाचा. सातशे कमी पडत होते.
वहीत तिने लिहिलं : कवळीवाला, सातशे.

मग साबणाचं पाणी. ट्यूबला पावडर,
आत सरकवण्यापुरती फुंकर हवा.
बाजूवरचा बाण चाकाच्या फिरण्याकडे.
लिव्हर छोट्या छोट्या घासांनी,
"हावरटपणा केला की ट्यूब चिमटते.
आणि ते इथे नाही कळत,
रात्री कळतं, पुलावर."
कॉम्प्रेसर धडधडला. टायर फुगत गेला,
आणि एका बाजूने : टक्.
आम्ही दोघं दुसऱ्या टकची वाट बघत राहिलो.
टक्.

रिमलगतची बारीक रेघ तिने चाक फिरवून तपासली,
सगळीकडे सारखी.
चेनच्या दोन्ही अंगाच्या खुणा.
ॲक्सलचा नट, अंगाचा भार देऊन.
मागचा ब्रेक पायाने तीनदा दाबून बघितला.
"पुढे पंचवीस, मागे अठ्ठावीस. हवा थंड टायरात बघायची.
आणि शंभर किलोमीटर मस्ती नाही,
नव्या रबराला साच्याचा तेलकटपणा असतो."

चाळीसच्या वर गेलो नाही.
टँकर गेले, रिक्षा गेल्या,
एका सायकलवाल्याने तर वळून पाहिलं.
कांजूरच्या दवाखान्यात टिपणीस
दुपारपासून खुर्चीत, तोंडावर रुमाल.
मी चार वेळा फोन केला होता,
त्यांनी उचलला नव्हता.
बोलणार कशाने?

डॉक्टरने खालची कवळी धुतली, आत सरकवली,
अंगठ्याने एका बाजूने दाबली,
मग दुसऱ्या.
टिपणिसांनी जबडा मिटला, उघडला,
माझ्याकडे बघितलं,
आणि एकेक अक्षर जागच्या जागी ठेवत म्हणाले,
"उशीर केलात."