खाच

तिएरच्या उतरत्या गल्लीत, ओदीलच्या दुकानात
मी उभी आहे. एकसष्ट वर्षांची टपालवाली,
जिने आजवर एकदाही
चाकू विकत घेतला नाही.

जुना विमानतळावर गेला.
लेकीकडे निघाले होते, मॉन्ट्रियलला.
खिसे रिकामे करा म्हणाले. केले:
किल्ल्या, रुमाल, खोकल्याची गोळी, आणि तो.
पोरसवदा शिपायाने दोन बोटांत धरला,
मेलेला उंदीर धरावा तसा,
आणि प्लास्टिकच्या डब्यात सोडला, जिथे
आधीच बरेच पडले होते, मिटून.

तेव्हापासून डावी मांडी हलकी लागते.

"कशाला हवाय?" ओदील विचारते.
कशाला म्हणजे?
गठ्ठ्यांची सुतळी. दुपारचं सॉसेज. चीजची पाठ.
बुटाच्या तळव्यातला चिखल.
म्हाताऱ्या फर्नांदचं पाकीट,
कारण बोटांनी फाडलेलं पत्र ती वाचत नाही.
आणि एकदा, वरच्या कुरणात, मेंढीची नाळ,
मेंढपाळाला काही सुचेना तेव्हा.

ती मखमलीवर सात मांडते.
शिंगाची मूठ: देखणी, पण हात परक्याचा.
ऑलिव्हची: गुळगुळीत, पाहुण्यांपुरती.
एकाला कळ आहे, दाबल्याशिवाय पातं मिटत नाही.
मिटताना हट्ट करणारं काही नको मला,
घरी होतं तसं एक, सत्तावीस वर्षं.

जुनिपरची हुंगते. पेन्सिल तासल्याचा वास.
ही.
"पोलाद न गंजणारं, की साधं?"
साधं. सफरचंद कापलं की निळं पडणारं,
पुसायला विसरलं की रुसणारं.
ज्याच्यावर काही उमटतच नाही
त्याच्याशी रोज काय बोलायचं?

ठरलं. मी ते उघडून बघते
आणि ओदील म्हणते, "थांब. पुन्हा उघड."
पुन्हा उघडते:
मूठ पोटाशी टेकवून, अंगठा पलीकडून वळवून,
दहाव्या वर्षापासून उघडते तशी.
"डावखुरी आहेस तू."
आहे.
"मग नखाची खाच तुला उलट्या बाजूला आहे.
सगळ्यांवरच तशी असते."

एकावन्न वर्षं मला वाटत होतं
चाकू असाच उघडतात.
बाबांनी दिला तेव्हा माझ्याकडून नाणं घेतलं होतं,
फुकट दिलेला चाकू नातं कापतो म्हणून.
वीस सांतीम, व्यवहार चोख.
हात कोणता, ते त्यांनी पाहिलं नसावं.
किंवा पाहिलं, आणि शाळेतल्या बाईंसारखी
वाट पाहिली, वळेल म्हणून.

ओदील वहीत लिहिते: नऊ सेंटीमीटर, साधं पोलाद,
जुनिपर, खाच उजव्या अंगाला.
ऑक्टोबरात मिळेल.
मग ड्रॉवरमधून एक काढते, तिच्या आजोबांचा,
झिजून झिजून गवताच्या पात्याएवढा.
नदीकाठी फळीवर पालथे पडून ते धार लावत,
थंडीत पायांवर कुत्रं झोपवून.
"तोवर उसना ने."

उसन्याला नाणं लागतं का?
दोघींनाही माहीत नाही.
मी एक काढून ठेवते. ती उचलत नाही,
परतही करत नाही.

बाहेर कठड्यावर बसून नासपती सोलते,
अंगठा पलीकडून वळवून.
साल लांबत जाते, गुडघ्यापर्यंत येते.
पातं पँटला पुसते, दोन्ही बाजूंनी,
आणि मिटताना थोडा वेळ
कान देऊन ऐकते.