रकाना

खसबच्या वसतिगृहात पहिल्याच रात्री फॉर्म.
मातृभाषा: यादीतून एक निवडा.
यादीत पावरी नव्हती,
खमीसची कुमझारीही नव्हती.
त्यानं अरबीवर खूण केली, मी मराठीवर,
आश्रमशाळेत गुरुजींनी करायला लावली होती तशीच.

संध्याकाळी धक्क्यावर तो जाळं सांधत बसलेला.
गाठ बघून माझे हात आपोआप पुढे गेले.
धरणाच्या फुगवट्यात, गावावरून होडी नेताना
बापानं शिकवलेली हीच गाठ.
हा फक्त डावीकडून घेतो.

ह्याला काय म्हणता?
त्यानं सांगितलं. मी सांगितलं.
दोघंही चुकलो, हसलो, पुन्हा म्हटलं.

आज प्रमाणपत्र मिळालं.
त्यावर वेस्ताचं वसंत झालंय.
खमीस मात्र बोटीतून ओरडला,
वेस्ता!
‘स’ जरा लांबवून,
आई हाक मारते तसा.