बावीस कान

एदुविना बार्रिया बटाटा सोलते तेव्हा
साल तुटत नाही.
फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला,
म्हणून ती जराशी तिरकी दिसते,
आणि मागची खिडकी, खिडकीतली खाडी,
ओहोटीच्या चिखलात रुतलेली पिवळी होडी,
सगळंच तिच्याबरोबर कललेलं.

मी पुंता आरेनासला, लोकरीच्या गोदामावर रात्रपाळीला.
तिच्याच बेटावरचा. चिलोए सोडून एकतीस वर्षं झाली.
पहाटे तीनला वारा छताचे पत्रे उचकटू लागतो
तेव्हा मी तिचं स्वयंपाकघर उघडायचो.

आम्ही अकरा जण होतो.
बहीण सीमेपलीकडे, मुलगा साल्मनच्या कारखान्यात,
भाच्या, शेजारणी, चर्चची किल्ली सांभाळणारा ओस्वाल्दो.
ती एकेकाचं नाव घ्यायची,
कोणाचा गुडघा, कोणाची मेंढी व्याली का,
आणि शेवटी:
"अकरावा जो कोणी असशील तो,
जेवलास का?"
मी गोदामात एकटाच मान हलवायचो.
लिहिलं कधीच नाही. लिहिलं असतं तर
नाव सांगावं लागलं असतं.

गुपित षट्कर्णी झालं की संपलं म्हणतात.
तिचं बावीस कानांत सुखरूप होतं.

मग जूनमधली ती रात्र, ऐन हिवाळ्यातली.
सुरी मध्येच थांबली. म्हणाली,
"रेनाल्दोवर माझं प्रेम नव्हतं. चाळीस वर्षं नव्हतं.
मग तो सगळं विसरला, मलासुद्धा.
रोज सकाळी विचारायचा, बाई, तुम्ही कोण?
आणि रोज दिवे लागेपर्यंत माझ्यावर भाळलेला असायचा.
इतकं कोणी मागे लागल्यावर काय करणार?
शेवटच्या वर्षी पडले मी प्रेमात."
उरलेली साल काढली.
"मीठ संपलंय," म्हणाली.

मी ते तीनदा पाहिलं
आणि नेल्सनला पाठवलं.
एकालाच.
त्याची बायको नुकतीच निघून गेली होती,
गाठी उचलता उचलता तो मध्येच उभा राहायचा.
चांगल्या मनानं पाठवलं,
हे वाक्य मी नंतर पुष्कळ घासून पाहिलं. चकाकत नाही.

बारा. मग तीनशे.
रविवारपर्यंत चार लाख.

चार लाखांना पडदा मळका दिसला.
खूप जण रडले, तेही खरं.
कोणी म्हणालं, चाळीस वर्षं फसवलं बिचाऱ्याला.
कोणी होडीवरून खाडी ओळखली, खाडीवरून गाव,
आणि निळ्या लाकडी खवल्यांचं घर गावात एकच.
वाल्दिवियाहून एक जोडपं केक घेऊन दारात आलं.
मुलानं फोन केला:
"मला ठाऊक होतं, आई.
पण आता कारखान्याला ठाऊक आहे."

गावाला काय, आधीपासूनच सगळं माहीत.
पण गाव ते तिच्या तोंडावर बोलत नसे.
तेवढी रीत होती.

शेवटचा व्हिडिओ सात मिनिटांचा.
खिडकीवर चादर. फोन अगदी सरळ, कोणीतरी स्टँड दिला असावा.
ती सोलते. बोलत नाही.
नावं घेत नाही; इतक्यांची कशी घेणार.
साल दोनदा तुटते.
मी शेवटपर्यंत थांबलो,
त्या एका प्रश्नासाठी.

पत्ता आता सगळ्या जगाकडे आहे,
त्याचा फायदा मीही उचलला.
कागद गोदामाचाच, पाठीवर गाठींची वजनं.
लिहिलं: जेवलो.
लिहिलं: अकरावा मी. बारावा मी आणला.
खाली नाव घातलं, पूर्ण, आईच्या आडनावासकट.

पोस्टातल्या मुलीनं पाकीट काट्यावर ठेवलं,
वीस ग्रॅमसुद्धा भरलं नाही.
मी विचारलं, वाटेत किती जणांच्या हातून जाईल?
ती शिक्का शोधत होती.
"हात पुष्कळ लागतात," म्हणाली,
"उघडत कोणी नाही."