स्लॅब

मार्च लागला की गिरणीच्या ऑफिसात
कागद उडू नयेत म्हणून मी रिकाम्या बॉबिन ठेवते त्यांच्यावर.
डॉफिंगच्या, वाइंडिंगच्या, पॅकिंगच्या
सगळ्या बायकांचं वर्ष माझ्या टेबलावर येतं,
त्यातच एक माझंही.

यंदा पाळणाघराची खोली गोदामात गेली.
त्याबदली दर आईला महिना दोन हजार, पगारातच.
"सगळ्यांना समान," साहेब म्हणाले.
मी सत्तेचाळीस ओळींत एका झटक्यात
तेच दोन हजार ओढले, वरून खालपर्यंत.

मग करकपातीचा रकाना उघडला.
इंदू टेकामच्या ओळीत शून्य,
तिचे दोन हजार दोन हजारच.
माझ्या ओळीत, उपकरासकट, चारशे सोळा गेले.
घराच्या कर्जापायी जुनीच पद्धत धरून बसलेली मी
वीस टक्क्यांत येते.
पुन्हा करून पाहिलं. तेच आलं.

संध्याकाळी अनुसयाबाईंकडे पोराला घ्यायला गेले.
टिनांवर पऱ्हाट्या टाकलेल्या, उन्हासाठी.
आत पाच लेकरं, एक पंखा,
दाराशी पाण्याचा गुंड, त्यावर उपडा पेला.
माझा शार्दूल इंदूच्या पोरीच्या पोटावर
डोकं ठेवून झोपलेला.

मी सोळाशे मोजून दिले.
हिशेबानं पंधराशे चौऱ्याऐंशी होत होते,
सोळा पदरचे घातले,
आणि खरं सांगते, तेवढ्यावरही जरा मोठं वाटलं मला.

"चारशे कमी हायेत, बाई."
"टॅक्समधे गेले."
"कोनं नेले?"
"सरकारनं. मी वरच्या स्लॅबमधे बसते ना."

त्यांनी वर पाहिलं, टिनांकडे.
मग रस्त्यापलीकडे, माझ्या घराकडे,
गच्चीवरच्या काळ्या टाकीपर्यंत.
"स्लॅब तं हाये तुमच्या घराले.
पन त्याचे पैसे माह्याकून काहून कापता?"

रागानं नाही.
वरणात मीठ किती टाकू, असं विचारावं तसं.
इंदूनं सकाळीच दिले होते पुरते दोन हजार,
रबर लावून. तेही त्यांनी सहजच सांगितलं,
शार्दूलची चप्पल शोधता शोधता.

माझ्याजवळ उत्तर होतं. कलमासकट होतं.
तोंडातून निघालं नाही.

त्यांना कुठल्या ओळीत टाकायचं?
पाच लेकरांचे दहा हजार, आता नऊ हजार सहाशे,
त्यातच दूध, बिस्किटं, पंख्याचं बिल.
माझ्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नाही,
शून्य लिहायलासुद्धा.

रात्री झोप नाही.
दिवसभराचं ऊन पिऊन बसलेला स्लॅब
बारा वाजेपर्यंत ते अंगावर सोडत राहतो.
टिनं लवकर निवतात.
पलीकडे दिवा केव्हाच मालवला आहे.

शार्दूलच्या खेळण्यांत गिरणीची एक बॉबिन आहे.
चारशे रुपये काढून तिच्याखाली ठेवलेत,
पंख्यानं उडू नयेत म्हणून,
सकाळी जाता जाता द्यायला.

पुढच्या महिन्याचं अजून ठरलेलं नाही.