धर्मकाटा, देवास नाका

खिडकीएवढी खोली, लाल आकडे, पावतीबुक.
ट्रक चढतो, थरथरतो, उभा राहतो.
आकडा जरा मागेपुढे करतो,
मग कबूल होतो.

एकोणीस वर्षांत मी माल पाहिला नाही,
ताडपत्र्याच पाहिल्या.
तरी बाजार कळतो.

कार्तिकात बऱ्हाणपूरच्या गाड्या विरळ झाल्या.
वाटलं, लग्नसराई, ड्रायव्हर गावी गेले असतील.
मग सुताच्या गाड्या तिकडे जाईनात,
मग पिथमपूरचे खोके हलके लागू लागले,
आणि देवासचा पहाटेचा कंटेनर,
ज्याच्या हॉर्नवर मी घड्याळ लावायचो,
आठवड्यातून दोनदाच.
समोरचा पंक्चरवाला हबीब म्हणाला,
"भिया, रस्ते सुधारले वाटतं."

इक्राम बऱ्हाणपूरचा. त्याला म्हटलं,
तुमचे माग बसले आणि आमचा नाका ओस पडला.
बशीत चहा ओतता ओतता तो थांबला.
"आमच्याकडे म्हणतात, इंदूरनं उचल बंद केली
म्हणून माग बसले."
बाकावर मालेगावचा एकजण होता.
तो कुणालाच काही म्हणाला नाही,
नुसता आमच्याकडे बघत राहिला,
दोन उधारबुडव्यांकडे बघावं तसा.

भाची मृण्मयी माझी जुनी बुकं घेऊन गेली.
परत आली ती दोन रेघा घेऊन:
ही आपली, ही त्यांची.
चढतात बरोबर, घसरतात बरोबर,
एका खाटेवर झोपलेल्या भावांसारख्या,
एकानं कूस बदलली की दुसऱ्याचं पांघरूण जातं.
"आधी कोण वळतं?" मी विचारलं.
तिनं कागद उलटा धरून पाहिला.
"कधी हा, कधी तो.
आणि दोनदा, मामा, दोघांनाही
तिसऱ्यानंच ढकललंय.
तो तुझ्या बुकात नाही."

तो कसा असेल?
काट्यावर न चढता जाणारा.

रिकाम्या गाड्यांचंही वजन करावं लागतं.
बऱ्हाणपूरची, देवासची, आमची,
रिकामी झाली की सगळी जवळपास सारखीच भरतात.
पावती मात्र वेगवेगळी फाडायची.

काल रात्री दीड वाजता धुळ्याची एक गाडी आली.
भरलेली. दोऱ्या ताणलेल्या.
आकडा नेहमीपेक्षा जास्त वेळ हलत राहिला
आणि मीही घाई केली नाही.
एका गाडीनं काय होतं, मला ठाऊक आहे.
पण पलीकडे हबीब उठला होता,
दिवा लावून
जॅकला तेल घालत होता.