स्थानिक नाव

पत्रक क्रमांक चार हजार एकशे सतरा.
कुळ वांग्याचे.
मूळ ठिकाण: ब्राझील, पाराग्वे, त्या अंगाचे.
सापडले: घोरपडी, रेल्वे यार्डामागे,
मोडक्या सिग्नलच्या खांबापाशी.

खोडाला काटे, देठाला काटे,
पानाच्या शिरेवरसुद्धा ताठ उभे काटे.
वर्तमानपत्राच्या घडीत दाबले
तर 'वधू पाहिजे'च्या रकान्यातून आरपार.
कच्ची फळे मात्र लाडिक,
गोटीएवढी कलिंगडे,
पिकली की हळदीच्या अंगाची.

होडीवाला सर म्हणतात,
बियांभोवतीच्या चिकट गरात काहीतरी कडू असते,
आणि त्या कडूपासून, पुष्कळ पायऱ्या चढून,
सूज उतरवणाऱ्या गोळीपर्यंत जाता येते.
एकेकाळी लोक हिची शेतं करायचे.
मग कुणालातरी स्वस्त वाट सापडली
आणि ही बांधावरून उतरून
रुळांच्या कडेने चालू लागली.

ती गोळी मी ओळखते.
पांढरी, मधोमध रेघ, अर्धी सकाळी.
तिच्याशिवाय माझी बोटे
नऊ वाजेपर्यंत उघडत नाहीत,
आणि तिच्यामुळे आरशात
कुणा खात्यापित्या घरची बाई दिसते.
हिच्याच गणगोतातली असेल, नसेलही.
काटा शिरला तो त्याच बोटात,
ज्यात लेखणी धरते.

एक रकाना राहिला. स्थानिक नाव.

यार्डामागे ठकूबाई कोळपे शेळ्या चारते.
तिला विचारले, हिला काय म्हणता?
"काय म्हणायचं?
शेरडं तोंड लावीत न्हाईत.
खाल्ली असती तर ठेवलं असतं नाव."
मग जरा थांबून,
"गुडघ्याला चालंल का ही?"

लावू नका, म्हटले मी, चटकन, सरांच्या आवाजात.
किती लावले की औषध
आणि किती लावले की विष,
ते अजून कुणी नीट मोजलेले नाही.
ती हसली. "मोजा की मग.
माझा गुडघा हितंच हाय."

छत्तीस वर्षांत एकही रकाना
मी पेन्सिलीने भरला नव्हता.
हा भरला: 'विचारले. अजून नाही.'

फळ खरे तर कापून, वाळवून चिकटवायचे असते.
एक तसेच ठेवलेय टेबलाच्या खणात.
गोंदाची बाटली काढायला खण ओढला
की ते मागून घरंगळत येते,
पिवळे,
आणि हाताशी येऊन थांबते.